हाताळणीतील इजा

चार नंबरच्या खणातला व्हॉल्व्ह फाटला तो एका मंगळवारी, सकाळी पावणेनऊच्या आधी कधीतरी. थोरलीने डबा कपाटात ठेवला, कोपरापर्यंत हात धुतले, ॲप्रन चढवला आणि रोजच्यासारखी दाबाच्या रेषा पाहायला पडद्यापाशी गेली. पाच रेषा आपापल्या जागी होत्या. चौथीने मान टाकली होती.

तिला थोरली म्हणत ते घरातल्या नात्यामुळे. ती आणि तिची जाऊ एकाच कारखान्यात कामाला होत्या. हृदयाचे कृत्रिम व्हॉल्व्ह तिथे तयार होत. धाकटी वरच्या मजल्यावर शिवणखोलीत, थोरली खाली चाचणीच्या खोलीत. दोघींची खरी नावं हजेरीच्या यादीत होती आणि तिथेच राहिली होती. संचालकबाईंपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखत.

हे व्हॉल्व्ह हाताने शिवावे लागतात. धातूच्या नाजूक सांगाड्यावर कापड चढवलेलं असतं, सांगाड्याला तीन खांब असतात, आणि जनावराच्या हृदयावरच्या पातळ आवरणातून कापलेल्या तीन पाकळ्या त्या खांबांना सूक्ष्मदर्शकाखाली टाका टाका करून बसवायच्या असतात. एका व्हॉल्व्हला दोन दिवस जातात. थोरलीने हे काम तेरा वर्षं केलं. मग डावा डोळा दगा देऊ लागला, तशी ती स्वतःहून खाली आली. वर होते तेव्हा व्हॉल्व्ह शिवायचे, आता ते कधी फाटतात याची वाट बघत बसते, असं ती हसत सांगायची. पण त्या वाट बघण्यातही तिचा जीव होता. तिच्या खोलीत जे टिकेल तेच माणसाच्या छातीत टिकेल, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

चाचणीच्या यंत्राला सगळे घाणा म्हणत. त्यात सहा पारदर्शक खण, खणांत अंगाइतकं कोमट मिठाचं पाणी, आणि प्रत्येक खणात एकेक व्हॉल्व्ह. घाणा ते पाणी मिनिटाला नऊशे वेळा मागेपुढे ढकलायचा आणि व्हॉल्व्ह तितक्याच वेळा उघडायचे, मिटायचे. माणसाचं हृदय वर्षाला साधारण चार कोटी वेळा धडधडतं. घाण्यावर वीस कोटी फेऱ्या पुऱ्या झाल्या की पाच वर्षं झाली असं धरायचं. वीस कोटींच्या आत एकही पाकळी फाटता कामा नये. चौथ्या खणाचा आकडा त्या सकाळी चौदा कोटी वीस लाखांवर होता.

तिने घाणा थांबवला. बोथट चिमट्याने व्हॉल्व्हचं शिवणकडं, म्हणजे बाहेरचं कापडी कडं, धरलं. हात कधीही कड्यालाच, पाकळीला चिमटा लावायचाच नाही, हे तिच्या बोटांना आता डोक्याला विचारावं लागत नव्हतं. व्हॉल्व्ह बाहेर काढून तिने भिंगाखाली धरला. एक पाकळी दोन नंबरच्या खांबापासून तांदळाच्या दाण्याएवढी सुटली होती. तिने फोटो घेतले, दिसलं ते कागदावर लिहिलं आणि कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

विभागप्रमुखांना कामगार पाठीमागे किंचितसाहेब म्हणत. त्यांच्या तोंडी प्रत्येक गोष्ट किंचित असायची. पगार किंचित उशिरा होणार, छप्पर किंचित गळतंय, तुम्ही किंचित बाजूला व्हा. आवाज कधी चढवत नसत. त्यांनी कागद पाहिला, "अरेरे," म्हणाले आणि मान हलवली. थोरलीला वाटलं, यांनाही वाईट वाटलं.

शुक्रवारी त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"या, बसा. किंचित एक सही हवी होती. अहवाल तयार आहे. तुमची सही झाली की बाकीचे खण सुरू करता येतील. तीन दिवस घाणा उभा आहे."

थोरली न वाचता सही करणारी नव्हती. तिने चष्मा लावला. पान चौथं, खालून तिसरा परिच्छेद. 'खण क्र. ४ मधील झडपेच्या पाकळीस झालेली इजा ही हाताळणीतील इजा असून, ती साप्ताहिक तपासणीच्या वेळी कर्मचाऱ्याच्या चिमट्यामुळे झाल्याचे दिसून येते. सबब सदर झडप चाचणीतून वगळण्यात येत आहे.'

तिने ते पुन्हा वाचलं. मग बोट त्या ओळीवर ठेवूनच विचारलं, "कर्मचारी म्हणजे कोण?"

"तसं नाव कुठे घातलंय?"

"या खोलीत चिमटा माझ्याशिवाय कोण धरतं? आणि खाली सहीही माझीच. मग नाव कशाला लागतंय?"

"अहो, तुमच्यावर काही कारवाई होणार नाही. मी शब्द देतो. किंचित एक ओळ आहे. पुढच्या महिन्यात मंजुरीसाठी कागद जायचे आहेत. हाताळणीतली चूक असेल तर तो व्हॉल्व्ह मोजायचा नसतो. बाकी पाच पुढे चालतील, वीस कोटी होतील, सगळ्यांचं भलं."

"पण चूक झालेलीच नाही."

"माणूस आहे, चुकतो."

"चुकतो, तेव्हा मी सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून भांडं सांडलं होतं, तेव्हा मीच लिहून दिलं होतं. आठवतंय ना?" ती खुर्चीच्या टोकाशी सरकली. "चिमटा लागला तर कातडं चेपतं साहेब. दोन्ही बाजूंनी वळ उठतो. इथे वळ नाही. टाक्याचं भोक लांबत गेलंय, कडा पिंजल्यात, जुन्या दोरासारख्या. हे हळूहळू, घासून घासून झालंय. आणि समजा, तुमचं मानलं. हाच व्हॉल्व्ह कुणाच्या छातीत असता आणि साडेतीन वर्षांनी फाटला असता, तर तिथे चिमटा घेऊन कोण गेलं असतं?"

किंचितसाहेबांनी पेन बंद केलं. मग आवाज तितकाच मऊ ठेवून म्हणाले, "चिमटा नाही म्हणता. मग टाका चुकला असणार. चार नंबर कुणी शिवलाय, माहीत आहे ना?"

थोरलीला माहीत नव्हतं. खाली फक्त क्रमांक यायचे. कुणी शिवलं ते वरच्या वहीत असायचं.

"धाकटीने," ते म्हणाले. "म्हणजे कसं आहे, प्रश्न घरातलाच आहे. दोघी बसून ठरवा. मला काय, कोणतंही एक लिहिता येईल."

ती उठली. कागद तिने उचलला नाही, फाडला नाही, नीट सरळ करून त्यांच्याकडे सरकवला. दारातून म्हणाली, "मी सही करत नाही." जिना उतरताना मात्र तिचे कान तापले होते. अंगावर आळ आला याचा राग होताच. पण 'घरातलंच आहे' म्हणताना साहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात जे हसू आलं होतं, ते तिला जास्त झोंबलं होतं.

त्या संध्याकाळी धाकटी घरी आली ती एक शब्द न बोलता. पिशवी खुंटीला लावली, चहाचं आधण ठेवलं, कप असा आदळला की दांडी हातात आली.

"काय झालं गं?" थोरलीने विचारलं.

"तुम्हीच सांगा ताई." धाकटी वळली. तिचे डोळे लाल झाले होते. "दुपारी आमच्या खोलीच्या मुख्य बाईंनी माझं काम काढून घेतलं. शिवलेले चार व्हॉल्व्ह बाजूला ठेवले. आणि मला सगळ्यांच्या देखत सरावाच्या चिंध्यांवर टाके घालायला बसवलं, काल लागलेल्या पोरीसारखं. नऊ वर्षं झाली मला तिथे. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, खालून कळवलंय की तुझे टाके सुटतात. खाली कोण असतं, ताई?"

"मी असते."

"मग?"

थोरलीने गॅस बारीक केला. तिने सगळं सांगितलं; अहवालातली ओळ, सही, चिमटा, शेवटचं वाक्य. धाकटी ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर विश्वास आणि अविश्वास यांची ओढाताण चालली होती. ती स्वाभाविकच होती. एकीने हात झटकले की दोष आपोआप दुसरीच्या पदरात पडेल, अशीच तर ती मांडणी होती.

थोरलीचा नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो स्वभावाने गरीब माणूस. भांडण दिसलं की पंखा लावून शांत होईल अशा समजुतीचा. म्हणाला, "अगं, कर की सही. कारवाई नाही म्हणतायत ना? ते जाडजूड बाड कोण वाचतंय? हिचंही काम परत मिळेल. दोघी सुटाल."

दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं.

"दादा," धाकटी म्हणाली, "यांनी न केलेली चूक यांच्या माथी मारून मला माझं काम परत नको आहे."

"ऐकलंत?" थोरली म्हणाली. "आता पंखा लावा आणि बसा."

तो खरोखरच पंखा लावून बसला. धाकटीला न राहवून हसू आलं, आणि खोलीतली हवा जरा मोकळी झाली.

मग थोरलीने विचारलं, "घाण्यावर आता सहा आहेत. शिवलेत कुणी कुणी?"

धाकटीने बोटं मोजली. "एक, दोन, तीन शिवणीच्या जुन्या नकाशाप्रमाणे. त्यातला दोन माझा. चार, पाच, सहा नवीन नकाशाचे. चार आणि सहा माझे, पाच मावशींचा." मावशी म्हणजे शिवणखोलीतल्या सगळ्यांत जुन्या बाई, त्यांच्या टाक्याला नाव ठेवायची छाती कुणाची नव्हती.

"नवीन नकाशात बदललंय काय, तेवढं सांग. मला भिंगातून गाठ आत दिसते, पण मला वाटलं तसंच हवं असेल."

धाकटीने कपाटातून रुमाल आणि सुई-दोरा आणला. चमचा उभा धरून खांब केला. "आधी खांबाजवळ अकरा टाके असायचे आणि शेवटची गाठ बाहेर, कापडावर. आता आठच टाके आणि गाठ आतल्या बाजूला. एका व्हॉल्व्हमागे चाळीस मिनिटं वाचतात. पहिल्याच दिवशी मी मुख्य बाईंना म्हटलं होतं, गाठ पाकळीला घासेल. त्या म्हणाल्या, नकाशात आहे तसं शीव, तुला डोकं लढवायला ठेवलेलं नाही."

थोरलीने रुमालावरची गाठ अंगठ्याने चाचपली. "घासलीच," ती म्हणाली. "अकराव्या आठवड्यापासून. मी दर आठवड्याला लिहीत आले. चार, पाच, सहा, तिघांवरही, खांबाजवळ पुसट रेघ म्हणून. एकदा तोंडीही सांगितलं साहेबांना. ते म्हणाले, किंचित आहे, लक्ष ठेवा."

"पाचवरही?"

"पाचवरही. आणि तुझा जो दोन आहे, त्यावर काही म्हणजे काही नाही."

धाकटीच्या हाताचा दोष असता तर तिचा दोन नंबर घासला असता आणि मावशींचा पाच नंबर साफ राहिला असता. झालं होतं बरोबर उलटं. थोरलीचा चिमटा म्हणावं तर तो सहाही व्हॉल्व्हना सारखाच लागत होता. चुकली होती ती गाठ, आणि गाठ कागदावर होती.

"मग हे त्यांनाही कळलं असणार," धाकटी हळू म्हणाली. "तुमचे आठवड्याचे कागद त्यांच्याकडेच जातात ना?"

हा विचार थोरलीच्या मनात जिन्यावरच येऊन गेला होता, पण माणूस इतका खाली जाईल असं धरायला मन तयार होत नव्हतं.

सोमवारी सकाळी तिने दफ्तरातून चाचणीच्या आठवड्यांच्या नोंदी मागितल्या. हाताने लिहिलेले कागद वर जात आणि तिथे संगणकावर उतरवले जात. छापलेली प्रत तिने कधी पाहिली नव्हती, पाहायचं कारणही पडलं नव्हतं. दफ्तरातल्या कारकुनाने छापून दिलं. अकरावा आठवडा: विशेष नाही. बारावा: विशेष नाही. तेरावा, चौदावा, पंधरावा, सोळावा: विशेष नाही. तिने जिथे जिथे तीन-तीन ओळी लिहिल्या होत्या, तिथे तिथे तेच दोन शब्द.

"हे कुणी उतरवलं?" तिने विचारलं.

"साहेब स्वतः उतरवतात ते," कारकून म्हणाला. "चाचणीचं माझ्याकडे देत नाहीत."

"आणि मी लिहिलेले कागद?"

"त्यांच्याच कपाटात असतील."

थोरली तशीच चाचणीच्या खोलीत आली. रागाच्या भरात व्हॉल्व्हला हात लावायचा नाही हा तिचाच नियम, म्हणून ती दहा मिनिटं स्टुलावर नुसती बसून राहिली. सहा आठवडे ती भिंगाला डोळा लावून, त्या अधू डोळ्याला विश्रांती देत देत, रेघ किती वाढली ते मोजत होती. ती मोजत होती आणि वर कुणीतरी दोन शब्दांत ते पुसत होतं. म्हणजे तिचं पाहणं झालंच नव्हतं. तिने नसतंच पाहिलं तरी कागदावर काही फरक पडला नसता. पण फाटल्याबरोबर मात्र त्यांना तिची आठवण झाली होती, चिमटा धरणारी म्हणून.

राग निवला तेव्हा तिने पाच आणि सहा नंबरचे व्हॉल्व्ह बाहेर काढले, शेजारी दोन नंबर ठेवला आणि आरेखन विभागात निरोप पाठवला की नवीन नकाशा ज्यांनी काढला त्यांनी खाली यावं.

इंजिनिअर आला. तिशीचा, जाड चष्म्याचा, मान खाली घालून चालणारा. चाचणीच्या खोलीत तो आजवर एकदाच आला होता, तेही पाहुण्यांसोबत.

"काय आहे?" तो म्हणाला.

"मी काही सांगत नाही. तुम्ही बघा."

तो सूक्ष्मदर्शकावर वाकला. दोन नंबर पाहिला. पाच पाहिला. मग सहा, मग पुन्हा पाच. शेवटी फाटलेला चार. बराच वेळ त्याने डोकं वर काढलं नाही. काढलं तेव्हा चष्मा हातात होता आणि चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता.

"गाठ घासतेय," तो म्हणाला. "तिन्हीत एकाच जागी. ही गाठ मी आत घेतली."

"तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

"मला दर आठवड्याला नोंदी येत होत्या. विशेष नाही, म्हणून. मी तर..." तो थांबला. "मी निश्चिंत होतो."

थोरलीने छापलेली पानं त्याच्यापुढे टाकली आणि आपण काय लिहिलं होतं ते सांगितलं. तो वाद घालेल, निदान जरा कांकू करेल, असं तिला वाटलं होतं. त्याने पानं घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, "चला वर. आत्ताच."

संचालकबाईंच्या खोलीत किंचितसाहेब आधीच बसलेले होते; दफ्तरातून त्यांना खबर लागली असावी. इंजिनिअरने सगळं सांगितलं, न अडखळता, गाठ माझी आहे इथपासून. संचालकबाईंनी किंचितसाहेबांकडे पाहिलं.

"किंचित गैरसमज आहे," ते म्हणाले. "हाताने लिहिलेलं जसंच्या तसं उतरवायचं म्हटलं तर पानं भरतील. मी सारांश लिहितो. पुसट रेघ ही काही बिघाडाची नोंद नव्हे."

"मग फाटल्यावर माझा चिमटा कसा सुचला?" थोरली म्हणाली. "आणि चिमटा नको म्हटल्यावर धाकटीचा टाका कसा सुचला? नकाशा तेवढा सुचला नाही."

संचालकबाईंनी कपाटाची किल्ली मागून घेतली आणि थोरलीचे सगळे कागद टेबलावर मागवले. वाचता वाचता त्या मध्येच म्हणाल्या, "तुम्ही हे आधी का सांगितलं नाहीत? सरळ माझ्याकडे यायचं."

थोरलीचा आवाज तोवर तिच्या ताब्यात होता. आता तो चढला. "बाई, मी सहा आठवडे सांगत होते. तेच तुमच्या हातात आहे. अजून कसं सांगायचं होतं? आमचं लिहिलेलं वाचायचं नाही आणि वर विचारायचं की बोलला का नाहीत."

संचालकबाईंनी मान खाली घातली आणि उरलेले कागद वाचले. मग चाचणी नापास झाल्याचं लिहायला सांगितलं. जुना नकाशा परत आणायचा, मंजुरीचे कागद थांबवायचे. खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, विषय संपला. इंजिनिअर उठूही लागला.

"नवीन गाठीचे व्हॉल्व्ह बाहेर गेलेत का?" थोरलीने विचारलं.

उठू लागलेला इंजिनिअर पुन्हा बसला. खरं म्हणजे जाऊ नयेत. पण बदल फारच लहान आहे, चाचणी सोबत चालू राहील, असं लिहून किंचितसाहेबांनी मधल्या काळात रुग्णांवरच्या अभ्यासासाठी परवानगी काढली होती. हे इंजिनिअरला माहीत होतं, संचालकबाईंना माहीत होतं. थोरलीला इंजिनिअरच्या त्या बसण्यावरून कळलं.

"किती?"

"अकरा," संचालकबाई म्हणाल्या.

"त्यांना कळवलंय?"

"त्यांच्या शल्यचिकित्सकांना योग्य वेळी कळवू. उगाच घबराट नको. आपल्याला आधी नीट विचार करून..."

"अकरा माणसांच्या छातीत ती गाठ मिनिटाला सत्तर वेळा घासतेय," थोरली म्हणाली. "आत्ता, आपण बोलतोय तेव्हासुद्धा. यात योग्य वेळ कुठली?"

ती खाली आली आणि तिने घाण्याच्या मुख्य कळीवर पाटी लावली: बंद. पत्रं जाईपर्यंत नवी चाचणी सुरू करणार नाही, असं तिने लेखी कळवलं आणि त्या कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवली. हे ती आता शिकली होती. वर शिवणखोलीत मावशींनी सुई खाली ठेवली. धाकटीला चिंध्यांवरून उठवेपर्यंत मीही चिंध्यांवरच शिवणार, असं म्हणून त्या तिच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांच्यामागून आणखी सहा जणी. मुख्य बाई दोनदा ओरडल्या, मग ओरडायचं कुणावर तेच त्यांना कळेना.

पत्रं बुधवारी निघाली. मसुदा इंजिनिअरने खाली आणून थोरलीला दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'केवळ खबरदारी म्हणून रुग्णांची नेहमीची तपासणी करावी.' तिने तो परत पाठवला. काय घासतंय, कुठे घासतंय आणि प्रयोगशाळेत कितव्या फेरीला फाटलं, हे तीन सरळ वाक्यांत आल्यावरच ती राजी झाली. गुरुवारी धाकटीला तिची जागा परत मिळाली. बाजूला ठेवलेले तिचे चार व्हॉल्व्ह मात्र नव्या गाठीचे होते. ते तिने स्वतःच्या हातांनी नष्ट केले आणि आठ दिवसांचं काम असं गेलं. कुणी तिला चुकलं आमचं असं म्हटलं नाही. मुख्य बाई म्हणाल्या, "झालं गेलं ते झालं."

"झालं गेलं नाही," धाकटी म्हणाली. "माझ्या नावापुढे टाके सुटतात असं लिहिलंय ते खोडा, आणि खोडल्याची सही करा." ती सही मिळायला तीन आठवडे लागले.

थोरलीलाही अहवालातली ती ओळ रद्द झाल्याचा कागद मिळाला. किंचितसाहेब गेले नाहीत. त्यांची खरेदी विभागात बदली झाली, आणि निरोपाच्या वेळी त्यांच्या अनुभवाबद्दल चार शब्दही बोलले गेले. वर्षाअखेरच्या पत्रकात 'आमच्या चमूच्या दक्षतेमुळे रचनेत सुधारणा' असं वाक्य आलं. थोरलीने ते पत्रक घरी आणलं, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चमू म्हणजे तुम्हीच की." ती म्हणाली, "दोष द्यायचा होता तेव्हा मी एकटी कर्मचारी होते. कौतुक करायची वेळ आली तेव्हा चमू झाला." त्याने या वेळी पंखा लावला नाही. पत्रक घेऊन तो स्वतःच रद्दीत टाकून आला.

अकरापैकी दहा जण तपासणीला आले. आठ जणांचं ठीक होतं, त्यांना दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. दोघांच्या पाकळीतून गळती दिसू लागली होती. त्यांची पुन्हा शस्त्रक्रिया झाली, आणि ती दोन्ही माणसं वाचली. अकरावी एक बाई होती. तिने घर बदललं होतं, दिलेला फोन बंद होता, रुग्णालयाने दोन पत्रं पाठवली ती परत आली. मग रुग्णालयाने नोंद केली: संपर्क होत नाही.

थोरली दर सोमवारी दफ्तरात जाऊन विचारायची, "अकरावी सापडली?" कारकून आधी कंटाळला, मग तिच्या धाकाने रुग्णालयाला फोन करू लागला, पुढे पुढे त्याचाच त्यात जीव गुंतला. कुणाकुणाचे नंबर काढून त्याने त्या बाईच्या जुन्या शेजारणीला गाठलं, शेजारणीकडून तिच्या भावाला.

सातव्या सोमवारी थोरली दारात दिसताच तो उठून उभा राहिला. "सापडली. लेकीकडे राहायला गेली होती, बाळंतपणाला. काल बोललो तिच्याशी. जिना चढताना हल्ली दम लागतो म्हणाली, वयाने लागत असेल असं समजून बसली होती. येत्या शुक्रवारी तपासणीला यायचं कबूल केलंय."

"बरं," थोरली म्हणाली. "मग मी शनिवारी येते. आली का नाही ते विचारायला."